दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या मुलाचा शिधा

जूनअखेर विदर्भातील शाळा उघडल्या म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरात दरवर्षी काही नावे अशी चढतात की, ज्यांच्यापुढे पालकाच्या रकान्यात वडिलांचे नाव नसते. तेथे आजीचे, मामाचे, मावशीचे, क्वचित नात्याचा काहीच संबंध नसलेल्या शेजाऱ्याचे नाव असते. कोणाचे वडील कर्जापायी जीवनास मुकलेले, कोणाची आई २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेलेली, कोणाचे आईबाप पुण्याकडे किंवा सुरतेकडे कामास गेलेले, तर कोणाच्या आईने दुसरा संसार मांडलेला. कारणे निरनिराळी असली तरी एक गोष्ट या सर्व मुलांच्या बाबतीत सारखीच घडते. मूल गावात येते, शाळेत येते, वर्गात बसते. त्याचे धान्य मात्र मागेच राहते.

ज्या शिधापत्रिकेवर ज्याचे नाव, त्या घरी त्याचे धान्य, असा शिधावाटपाचा साधा नियम आहे. माणूस दुसऱ्या घरी राहावयास गेला म्हणून त्याचे नाव आपोआप त्याच्यामागून जात नाही. ते कोणीतरी अर्ज करून न्यावे लागते. आणि हे करण्याचे भान असणारे मोठे माणूस बहुधा या मुलांच्या वाट्यास आलेले नसते.

कारंजा तालुक्यातील कामरगावी इयत्ता चौथीत दाखल झालेली एक मुलगी कल्पावी. आई वारल्यावर ती यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावाहून आजीकडे राहावयास आली. आजी एकटी असून तिच्याजवळ प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून त्याची किंमतही द्यावी लागत नाही. एका माणसाचे ५ किलो म्हणजे दिवसास सुमारे १६५ ग्रॅम. त्याच पाच किलोत आता दोघींनी भागवावयाचे, म्हणजे प्रत्येकीस दिवसाकाठी ८० ग्रॅमच्या थोडे वर. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दुपारच्या एका वेळेसच १०० ग्रॅम धान्य धरलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घरातील रात्रीच्या जेवणाची कल्पना येईल. शिक्षकाने विचारलेच तर आजी सांगेल, “दोन मुठी जास्त टाकतो गुरुजी, त्याच्यात काय मोठं!” या दोन मुठी ती बहुधा स्वतःच्या ताटातून काढीत असते. आणि तिकडे यवतमाळ जिल्ह्यातील शिधापत्रिकेवर मुलीच्या नावाचे ५ किलो धान्य दरमहा एक तर उचलले जाते किंवा पडून राहते.

घरच्या शिध्याकडे वळण्यापूर्वी शाळेच्या पंक्तीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. दुपारच्या आहारास शिधापत्रिकेचा, पालकत्वाच्या कागदाचा किंवा आधार क्रमांकाचा काहीएक संबंध नाही. उक्त अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या, आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलास शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळेत सुट्टीचे दिवस वगळून रोज एक वेळचे जेवण विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे त्याचे प्रमाण आहे. २०२१ साली या योजनेस प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव मिळाले. हक्क पूर्वीचाच आहे. नव्याने आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यावयाचा असतो, संगणकावरील नोंद जुन्या शाळेतून सुटावयाची असते, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. तोवर ते मूल ‘आपल्या पटावर नाही’ म्हणून पंक्तीच्या कडेस बसविले जाऊ नये. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ प्रमाणे दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मग जेवण कोठून नाकारता येणार?

तथापि पंक्ती उठली की शाळेची मदत तेथे संपते. रविवारी पंक्ती नाही, दिवाळीत नाही, आणि वऱ्हाडातील उन्हाळ्याची सुट्टी तर राज्याच्या इतर भागांपेक्षाही लांबते. त्या दिवसांत मुलाच्या दोन्ही वेळा आजीच्याच चुलीवर येतात. म्हणून शिधापत्रिकेचा प्रश्न सोडविल्यावाचून गत्यंतर नाही.

वऱ्हाडात शिधावाटपाच्या दुकानास लोक अजूनही ‘कंट्रोल’च म्हणतात, महायुद्धाच्या काळातील धान्यनियंत्रण गेले, शब्द राहिला. या कंट्रोलवर आजीची शिधापत्रिका कोणत्या प्रकारची आहे, हे पाहिल्याशिवाय पुढची कोणतीही खटपट करू नये. अंत्योदय शिधापत्रिकेवर दरमहा ३५ किलो धान्य मिळते. ते संपूर्ण कुटुंबास मिळते, माणशी नव्हे. घरात एकटी वृद्धा असो की सहा माणसे असोत, वजन तेच. तेव्हा अंत्योदय शिधापत्रिकेवर नातवाचे नाव चढविले तरी एक दाणाही वाढत नाही. उलट ते नाव बापाच्या प्राधान्य शिधापत्रिकेवरून कमी झाले तर तिकडचे ५ किलो मात्र जातात. आईबाप हयात आहेत, हंगामापुरतेच बाहेर गेले आहेत आणि मुलासाठी धान्य वा पैसे पाठवितात, अशा वेळी घाईने नाव हलविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. याच्या उलटही घडते. बापाची शिधापत्रिका अंत्योदय व आजीची प्राधान्य असेल, तर नाव काढल्याने बापाकडे काही घटत नाही आणि आजीकडे ५ किलो वाढतात. नाव कमी करून देण्यास बाप कुरकुर करीत असेल, तर ही गोष्ट त्यास शांतपणे समजावून सांगितल्याने पुष्कळदा काम भागते. दोन्हीकडे प्राधान्य शिधापत्रिका असेल, तर इकडचे ५ किलो तिकडे, एवढाच हिशेब आहे. मूल जेथे जेवते तेथे ते जावेत हे न्याय्य होय.

वाशिम हा मराठवाडा व पश्चिम विदर्भ मिळून धरलेल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. या जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांस २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य सवलतीच्या दराने मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी रोख रक्कम खात्यावर जमा करण्याची पद्धत आली. प्रारंभी ती दरमहा १५० रुपये होती, नंतर वाढविण्यात आली. मामाची किंवा काकाची शिधापत्रिका या प्रकारची असेल तर तेथेही माणसांच्या संख्येवरच रक्कम ठरते. म्हणून अशा घरीसुद्धा मुलाचे नाव चढणे निष्फळ नाही.

नाव हलविण्याचे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम जुन्या शिधापत्रिकेवरून नाव कमी करावयाचे, त्याचा अर्ज नमुना ९ मध्ये. नंतर नव्या शिधापत्रिकेवर ते दाखल करावयाचे, त्याचा अर्ज नमुना ८ मध्ये. पहिला अर्ज जुन्या गावाच्या तहसील कचेरीतील पुरवठा शाखेत, दुसरा कामरगावकरांच्या बाबतीत कारंजा तहसीलच्या पुरवठा शाखेत. हे दोन्ही अर्ज संगणकावरूनही करता येतात. एकच आधार क्रमांक दोन शिधापत्रिकांवर राहू शकत नाही. म्हणून पहिला टप्पा टाळून दुसरा उरकण्याचा प्रयत्न केल्यास अर्ज परत येतो आणि कारंजास मारलेल्या दोन-तीन खेपा व तितक्याच दिवसांची मजुरी व्यर्थ जाते. नाव कमी केल्याचा दाखला हाती आल्याखेरीज दुसरा अर्ज करू नये, एवढे आजीस किंवा मामास आवर्जून सांगावे. जुन्या घरी सज्ञान माणूसच उरलेले नसेल तर आईवडिलांचे मृत्यूचे दाखले जोडून त्याच पुरवठा शाखेकडे अर्ज करावा लागेल.

यात शाळेच्या कागदास मोठे महत्त्व आहे. मूल कोठे राहते व कोठे शिकते, हे सांगणारा सहज मिळण्याजोगा कागद म्हणजे शाळेचा बोनाफाईड दाखला. तो देताना मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक आणि रजिस्टरात पालक म्हणून नोंदलेल्या व्यक्तीचे नाव व गाव, एवढे रजिस्टराबरहुकूम लिहावे. ‘आईवडील मयत’, ‘बेवारस’, ‘आजीने दत्तक घेतलेला’ असे शेरे, मृत्यूचा दाखला किंवा दत्तकाचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, सहानुभूतीपोटीही लिहू नयेत. अशा एका शब्दाने पुढे मुलाचीच अडचण होते. आधारपत्रावर नावाचे एक अक्षर, शाळेत दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे, हा तर नित्याचा अनुभव आहे. प्रवेशाच्या दिवशीच हे तीन कागद शेजारी ठेवून पाहिले तर पुढचे सहा महिने वाचतात. आजीच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला असा उल्लेख असल्यास ती मात्र चूक समजू नये. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यापूर्वीचे कागद तसेच असणार.

आधारासंबंधी आणखी एक अडचण लहान मुलांच्याच बाबतीत येते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारपत्रात मुलाच्या बोटांचे ठसे घेतलेले नसतात. ते पाच वर्षांनंतर एकदा व पंधरा वर्षांनंतर पुन्हा द्यावे लागतात. अलीकडे शिधापत्रिकेवरील प्रत्येकाने कंट्रोलच्या यंत्रावर आपली ओळख पटवून द्यावी, ज्यास ई-केवायसी म्हणतात, असा नियम झाला आहे. ज्या मुलाचे ठसे आधारात नाहीत त्याचे बोट यंत्र स्वीकारीत नाही, आणि घरची माणसे समजतात की नावच उडाले. नाव उडालेले नसते. ठसे अद्ययावत करून आणावयाचे असतात. आईबाप जवळ असलेल्या मुलांचे हे काम कोणीतरी करून आणते. आजीकडील मुलाचे राहून जाते, म्हणून वर्गशिक्षकाने अशा मुलांची स्वतंत्र आठवण ठेवणे इष्ट.

हे सर्व सरळ असूनही पुष्कळ घरांत अर्ज होतच नाही, आणि त्याचे कारण अज्ञानापेक्षा भीती हे अधिक असते. ही भीती जमिनीची असते. काकास वाटते, पुतण्याचे नाव आपल्या शिधापत्रिकेवर चढले की उद्या तो आपल्या शेतात हिस्सा मागेल. आजीस वाटते, मेलेल्या जावयाच्या शिधापत्रिकेवरून नातीचे नाव कमी झाले की बापाच्या शेतावरील तिचा हक्क जाईल. दोन्ही समजुती निराधार आहेत. शिधापत्रिकेवरून कोणत्या घरात कोण जेवते एवढेच कळते; ती दत्तकपत्र नव्हे आणि वारसाचा पुरावाही नव्हे. बापाच्या जमिनीवरील मुलाचा हक्क वारसा कायद्याने येतो, त्याची नोंद फेरफाराने सातबारावर होते. मूल अज्ञान असल्यास त्याच्या नावापुढे पालन करणाऱ्याचे नाव ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशा खुणेने लागते. वडील वारल्यावर हा फेरफार झाला आहे की नाही, याची चौकशी तलाठ्याकडे करावयास नातेवाइकांस अवश्य सुचवावे. २०२४ पासून तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात जुनेच नाव चालते. मुलाचे खरे नुकसान या नोंदीच्या हयगयीने होते, शिधापत्रिकेने नव्हे. शिक्षकाने जमिनीच्या वादात पडू नये हे खरे. परंतु एवढा खुलासा पालकसभेत सर्वांसमोर, कोणाचेही नाव न घेता केला तर तो ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत बरोबर पोहोचतो.

येथे ‘पालक’ या शब्दाचे कायद्यातील दोन अर्थ वेगळे करणे जरूर आहे. आजी, मामा, काका यांनी मूल सांभाळणे ही नात्यातील देखभाल झाली. त्यासाठी शिधापत्रिकेच्या कामी कोणत्याही समितीचा आदेश शोधीत बसण्याचे कारण नाही. परंतु नात्याबाहेरच्या कुटुंबाकडे मूल राहावयाचे असेल, ज्यास कचेरीत फॉस्टर केअर म्हणतात, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ते बालकल्याण समितीच्या आदेशानेच राहू शकते. कुटुंबाची निवड, पाहणी व देखरेख हे सर्व त्यात येते. अशा घरच्या शिधापत्रिकेवर नाव दाखल करावयाचे तर समितीचा आदेश हाच मुख्य आधार. असा आदेश नसताना एखादे निराधार मूल कोणाच्या घरी काम करून राहत आहे असे आढळले, तर तेथे शिधापत्रिकेचा विचार नंतरचा. ज्यास कोणाही आप्ताचा आधार नाही अशा बालकाची माहिती चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीस, पोलिसांस किंवा १०९८ या क्रमांकावर कळविणे हे कायद्याने कर्तव्य आहे आणि न कळविणे अपराध आहे.

धान्याखेरीज रोख साहाय्याच्याही योजना आहेत. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. अनाथ, एक पालक असलेल्या, किंवा आईबाप दुर्धर आजारी वा तुरुंगात असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाच्या संगोपनासाठी तीत पूर्वी दरमहा ४२५ रुपये मिळत. ते प्रथम १,१०० व पुढे २,२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलास दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकते. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे. कोणत्या मुलास कोणती योजना लागू पडेल, हे वाशिम येथील जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील बाल संरक्षण कक्षात विचारावे. या अर्जांसही शाळेचा दाखला व शिधापत्रिकेची प्रत लागते. म्हणून मुलाचे नाव आधी शिधापत्रिकेवर आलेले असणे सोयीचे. मात्र एक गैरसमज होऊ देऊ नये: हे पैसे मिळू लागले म्हणून धान्य बंद होते असे नाही, व धान्य मिळते म्हणून पैसे मागता येत नाहीत असेही नाही.

मुलाच्या पाठोपाठ धाकटे भावंडही आजीच्या घरी आलेले असते, ते शाळेच्या नजरेस पडत नाही. सहा वर्षांखालील बालकाचा आहार अंगणवाडीत असतो व तेथील नोंद मूल ज्या गावी राहते त्या गावी करता येते. अंगणवाडीसेविकेस त्या घराचे नाव कळविण्यास एक निरोप पुरेसा आहे.

चौकशी करण्याच्या रीतीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. ‘ज्यांचे आईबाप नाहीत त्यांनी हात वर करा’ अशी चौकशी भर वर्गात झाली तर त्या मुलाचे मन दिवसभर अभ्यासात राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत येईल याचीही शाश्वती नसते. ज्याच्या घरी आधीच आपण जास्तीचे आहोत असे ज्या मुलास वाटते, त्याला ते वर्गातही वाटावयास लावू नये. मुख्याध्यापकाने प्रवेशाच्या वेळी पालकाशीच, मूल बाहेर पाठवून, बोलावे. आजीस “आजी, कारडावर पोरीचं नाव चढवलं काय?” एवढे विचारले की पुरे, शिधापत्रिका हा शब्द कळला नाही तरी कारड सर्वांस कळते.

सर्व कागद नीट असूनही नाव दाखल झाल्याबरोबर धान्य सुरू होईलच असे नाही, ही गोष्ट आजीस आधीच सांगून ठेवलेली बरी. २०११ च्या जनगणनेच्या आधारे महाराष्ट्रास या अधिनियमाखाली ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांचा इष्टांक ठरवून दिलेला आहे. त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांस वाटणी होते आणि जागा मोकळी होईल तसतशी नवी नावे लाभात घेतली जातात. म्हणजे शिधापत्रिकेवर नाव असणे आणि ते धान्याच्या यादीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांच्या मुलीस जनगणनेची वाट पाहावयास लावणारा हा नियम कितपत शहाणपणाचा आहे, हा प्रश्न उरतोच. पण तूर्त तो तसा आहे. म्हणून अर्जाची पोच दिनांकासह जपून ठेवावी, आणि पुरवठा शाखेत ‘नाव चढले का’ एवढेच न विचारता ‘लाभात घेतले का’ असे विचारावे.

दाद न मिळाल्यास १९६७ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. त्यावर भागले नाही तर अधिनियमाप्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे. त्याआधी गावातील दुकानाच्या दक्षता समितीपुढे विषय मांडून पाहावा. बाप नाव कमी करून देण्यास साफ नकार देतो व मुलाचे धान्य स्वतः उचलतो, अशा प्रकरणी शिक्षकाने मध्यस्थी करीत बसू नये. मूल कामरगावी शिकते व राहते हा शाळेचा दाखला जोडून आजीनेच पुरवठा निरीक्षकांकडे चौकशीचा अर्ज द्यावा. आजीस लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून देण्यास, वाचून दाखविण्यास व तिचा अंगठा घेण्यास शिक्षकास काही प्रत्यवाय नाही.

नाव लाभात आले की नाही, हे कळण्यास कारंजास जावे लागत नाही. कंट्रोलवर धान्य घेतेवेळी यंत्रातून जी कागदी पावती निघते, तिच्यावर किती धान्य दिले ते छापलेले असते. प्राधान्य शिधापत्रिकेवर दोघींचे १० किलो व्हावयास हवेत. ती पावती आजीने मुलीजवळ देऊन शाळेत पाठवावी. चौथीतील मुलीस ते आकडे स्वतः वाचता येतात.